नकाशातील चिन्हांचे कोन : संगणकीय आरेखनाचा एक पाठ



आपल्या समाजातील अनेक मुले-मुली आज सिव्हिलचा डिप्लोमा करीत आहेत. कोणी आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन सिव्हिलचा ट्रेड घेतला आहे, तर कोणी इंजिनिअरच्या ऑफिसात संगणकावर नकाशे काढून घराला हातभार लावीत आहे. या मुलांना रेषा मारता येतात, भिंती काढता येतात, मापे टाकता येतात. परंतु नकाशात जी लहान लहान चिन्हे असतात, त्यांच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. चिन्ह लहान असते, पण त्याच्या कोनावरून मोठे निर्णय घेतले जातात. म्हणून चिन्हाचा कोन पॅरामीटरच्या साहाय्याने ताब्यात कसा ठेवावा, हा विषय प्रस्तुत लेखात पाठाच्या स्वरूपात मांडला आहे.

एका चुकीची हकिकत

प्रथम एक अनुभव सांगतो. चूक माझ्याच हातची आहे, म्हणून सांगायला संकोच नाही.

काही वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातील एका वस्तीत विहाराला लागून मुलांसाठी अभ्यासिका बांधायचे ठरले. नकाशा काढण्याचे काम मी आनंदाने अंगावर घेतले. जागा दक्षिणोत्तर लांब होती. कागद आडवा होता आणि इमारत उभी येत होती, म्हणून मी संपूर्ण आराखडा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ९० अंशांत फिरवला. आराखडा कागदावर छान बसला. उत्तर दिशेचा बाण मात्र कोपऱ्यात वेगळा ठेवलेला होता. तो फिरला नाही. तो होता तसाच वर तोंड करून राहिला.

आराखडा असा फिरवला की मूळची वरची बाजू उजवीकडे जाते आणि डावी बाजू वर येते. म्हणजे कागदाच्या वरच्या अंगाला आता पश्चिमेची लांब भिंत आली होती आणि बाण सांगत होता की ही उत्तर आहे.

पुढे संध्याकाळी कमिटीची बैठक झाली. जागेवर कोणी गेले नाही, नकाशा समोर पसरला होता. एका जाणत्या सभासदांनी योग्यच सूचना केली की, मुलांना वाचायला उत्तरेचा उजेड चांगला, तेव्हा मोठ्या खिडक्या उत्तरेच्या भिंतीत घ्याव्यात. सर्वांनी बाणाकडे पाहिले. मीही बाणावरच विसंबलो आणि वरच्या भिंतीत चार मोठ्या खिडक्या काढून दिल्या. गवंड्याने नकाशात होते तसे इमानाने बांधले. मार्च उजाडला आणि दुपारी तीननंतर मुलांच्या वहीवर ऊन पडू लागले. एप्रिल-मेमध्ये, म्हणजे स्पर्धा परीक्षेची मुले दिवसभर बसतात नेमक्या त्या दिवसांत, अभ्यासिका दुपारनंतर रिकामी राहू लागली. शेवटी पश्चिमेला तट्ट्या बांधाव्या लागल्या. ऊन अडले, पण त्याबरोबर उजेडही अडला.

बाबासाहेबांनी १९३० च्या दशकात मुंबईत दादरला राजगृह उभारले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर आपल्या ग्रंथांना जागा मिळावी हा हेतू होता. वाचनासाठी जागा करणे ही आपल्या चळवळीत साधी गोष्ट नाही. त्या जागेचे चार महिने एका फिरायला विसरलेल्या बाणामुळे वाया जावेत, याची बोच अजून आहे. त्या बोचेतूनच हा पाठ तयार झाला.

चिन्हांचे दोन प्रकार

नकाशातील चिन्हे दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार दिशा सांगणाऱ्या चिन्हांचा. उत्तर दिशेचा बाण, जिन्यावरचा चढाचा बाण, न्हाणीघरातील उताराचा बाण, दरवाजाचे पान कोणीकडे उघडते हे दाखवणारी कमान, छेद कोणत्या बाजूने पाहिला ते दाखवणारी खूण, ही सर्व या प्रकारात येतात. अशी चिन्हे चुकीच्या कोनात पडली तर नकाशा खोटे बोलतो. उताराचा बाण उलटा पडला तर पाणी नहाणी ट्रॅपकडे न जाता उंबऱ्याकडे येते.

दुसरा प्रकार दिशा न सांगणाऱ्या चिन्हांचा. गोल कॉलम, दिव्याचे गोल चिन्ह, झाडाचे चिन्ह ही कितीही फिरवली तरी अर्थ बदलत नाही.

येथे आपल्या ओळखीचे एक उदाहरण घेऊ. अशोकचक्राला २४ आरे आहेत. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला, तेव्हा हे चक्र ध्वजाच्या मध्यभागी आले. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचे, त्याला २४ ने भागले की दोन आऱ्यांमधील कोन १५ अंश येतो. आता चक्र १५ अंशांनी फिरवा. काय दिसेल? काहीच फरक दिसणार नाही. प्रत्येक आरा पुढच्या आऱ्याच्या जागी जाऊन बसेल. आठ आऱ्यांचे धम्मचक्र घेतले तर हीच गोष्ट ४५ अंशांवर घडेल. सांचीच्या मोठ्या स्तूपाला चार दिशांना चार तोरणे आहेत. त्याचे ढोबळ चिन्ह काढून ते ९० अंशांनी फिरवले तर पाहणाऱ्याला पत्ताही लागणार नाही.

यावरून एक नियम निघतो. जे चिन्ह फिरवल्यावर पुन्हा तसेच दिसते, त्याने दिशा दाखवू नये. विहाराच्या नकाशात हौसेने चक्राचेच उत्तरचिन्ह करायचे असेल तर त्याच्या एका आऱ्याला बाणाचे टोक काढावे. त्याशिवाय ते शोभेचे चिन्ह राहील, दिशेचे होणार नाही.

पॅरामीटर म्हणजे काय?

पॅरामीटर म्हणजे नाव दिलेले आणि बदलता येणारे मूल्य. हाताने नकाशा काढताना बाणाचा कोन हा नुसता कागदावरच्या शाईत असतो. संगणकातही आपण चिन्ह धरून रोटेट कमांडने फिरवले तर कोन त्या आकृतीत मुरून जातो. नंतर पाहणाऱ्याला तो किती अंश फिरवला, का फिरवला हे कळत नाही. पॅरामीटरमध्ये तसे होत नाही. तेथे "उत्तरकोन : २२ अंश" असे नाव आणि आकडा दोन्ही उघड लिहिलेले असतात. आकडा बदलला की चिन्ह फिरते आणि आकडा वाचला की चिन्ह बरोबर आहे की नाही ते तपासता येते.

या संपूर्ण पाठाचे सार एका वाक्यात सांगायचे तर ते असे : दिशा ही आकृतीत लपवू नये, ती एका ठिकाणी आकड्याने लिहावी आणि सर्व चिन्हांनी त्या आकड्याकडे पाहून फिरावे.

कोन मोजण्याच्या दोन रीती

विद्यार्थ्यांचा सर्वांत मोठा गोंधळ येथे होतो. सर्व्हे करताना होकायंत्राचा कोन, म्हणजे दिगंश, उत्तरेपासून सुरू होतो आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाढतो. उत्तर ०, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. ऑटोकॅडसारख्या कार्यक्रमात मूळ मांडणीप्रमाणे शून्य हे उजवीकडे असते आणि कोन काट्यांच्या उलट दिशेने वाढतो. एकाची सुरुवात वेगळी आणि चालही उलटी. म्हणून सर्व्हेचा आकडा सरळ संगणकात टाकला की चिन्ह भलतीकडे तोंड करते.

यावर सोपा उपाय असा की, चिन्ह काढतानाच त्याचे टोक कागदाच्या वरच्या बाजूस ठेवावे आणि त्या स्थितीला शून्य मानावे. मग एकच सूत्र पुरते :

चिन्हाचा कोन = कागदाच्या वरच्या बाजूचा दिगंश − जी दिशा दाखवायची तिचा दिगंश.

उत्तर वजा आले तर त्यात ३६० मिळवावे.

उदाहरण पाहू. समजा एका वस्तीतील रस्ता उत्तरेपासून २२ अंश पूर्वेकडे झुकलेला आहे. घर रस्त्याला समांतर आहे आणि आपण ते कागदावर सरळ उभे काढले आहे. म्हणजे कागदाच्या वरच्या बाजूचा दिगंश २२ झाला. उत्तरेचा दिगंश ०. म्हणून बाणाचा कोन २२ − ० = २२. बाण वरच्या बाजूपासून २२ अंश डावीकडे झुकेल. मन घट्ट करून पडताळा : वरची बाजू उत्तरेच्या उजवीकडे असेल, तर उत्तर तिच्या डावीकडेच असली पाहिजे.

आता सूर्याचे चिन्ह घेऊ. बुलढाण्याचा अक्षांश सुमारे साडेवीस अंश उत्तर. या अक्षांशावर २१ जूनच्या सुमारास सूर्य सुमारे ६५ दिगंशावर, म्हणजे पूर्वेच्या २५ अंश उत्तरेकडे उगवतो. २२ डिसेंबरच्या सुमारास तो सुमारे ११५ दिगंशावर, म्हणजे पूर्वेच्या २५ अंश दक्षिणेकडे उगवतो. मावळतानाही तसेच, जूनमध्ये सुमारे २९५ आणि डिसेंबरमध्ये सुमारे २४५. वरच्या घराच्या नकाशावर जूनच्या सूर्योदयाचे चिन्ह २२ − ६५ = −४३, म्हणजे ३१७ अंशांवर येईल. डिसेंबरच्या सूर्योदयाचे २२ − ११५ = −९३, म्हणजे २६७ अंशांवर. जूनच्या सूर्यास्ताचे २२ − २९५ = −२७३, म्हणजे ८७ अंशांवर. अशी तीन-चार चिन्हे नकाशाच्या कडेला ठेवली की कोणती खिडकी केव्हा तापेल हे कमिटीतल्या कोणालाही दिसते.

आणि माझी चूक? आराखडा फिरवल्यावर कागदाची वरची बाजू पश्चिम झाली होती, दिगंश २७०. सूत्राप्रमाणे बाणाचा कोन २७० − ० = २७०, म्हणजे टोक उजवीकडे. एवढी वजाबाकी केली असती तर चार खिडक्या वाचल्या असत्या.

पाठ पहिला : ऑटोकॅडमध्ये फिरणारे चिन्ह

ऑटोकॅड १९८२ साली आले. त्यात ब्लॉक म्हणजे एकदा काढून अनेकदा वापरायचे चिन्ह. ऑटोकॅड २००६ या आवृत्तीपासून डायनॅमिक ब्लॉकची सोय झाली, म्हणजे ब्लॉकला पॅरामीटर जोडता येऊ लागले. कृती पुढीलप्रमाणे करावी.

१. एक वर्तुळ काढा. त्याच्या बाहेर वरच्या बाजूला बाणाचे टोक काढा. "उ" हे अक्षर वर्तुळाच्या बरोबर मध्यावर ठेवा. या सर्वांचा एक ब्लॉक करा आणि त्याचा मूळबिंदू वर्तुळाच्या मध्यावर घ्या.

२. बीएडिट ही कमांड देऊन ब्लॉक एडिटर उघडा. बाजूच्या पॅलेटमधील पॅरामीटर या भागातून रोटेशन निवडा. आधी मूळबिंदू विचारला जाईल, तो वर्तुळाचा मध्य द्या. नंतर त्रिज्या द्या. शेवटी सुरुवातीचा कोन विचारला जाईल, तो शून्य द्या.

३. पॅरामीटर ठेवल्यावर त्याच्याजवळ पिवळी उद्गारखूण दिसते. घाबरू नये. पॅरामीटर आहे पण त्याला अद्याप काम दिलेले नाही, एवढाच तिचा अर्थ.

४. आता ॲक्शन या भागातून रोटेट निवडा. प्रथम पॅरामीटर निवडा, नंतर ज्या वस्तू फिरायच्या त्या निवडा. येथे फक्त बाणाचे टोक निवडायचे. "उ" हे अक्षर निवडायचे नाही. बाण वर्तुळाभोवती फिरेल आणि अक्षर मध्यावर सरळ उभे राहील. कोणत्याही कोनात ते वाचता येईल.

५. प्रॉपर्टीज पॅलेटमध्ये पॅरामीटरला अर्थपूर्ण नाव द्या. संगणक स्वतः दिलेल्या नावावरून पुढच्या माणसाला काही कळत नाही. उत्तरकोन असे नाव दिले की सांगावे लागत नाही.

६. टेस्ट ब्लॉकमध्ये तपासून पाहा, मग जतन करून एडिटर बंद करा.

आता ब्लॉक नकाशात आणून निवडला की गोल पकडबिंदू दिसतो. तो धरून बाण फिरवता येतो. परंतु हाताने ओढण्यापेक्षा प्रॉपर्टीजमधील कस्टम या भागात आकडा टाकणे चांगले, कारण आकडा नंतर तपासता येतो.

येथे दोन सूचना. पहिली, पॅरामीटरला ठरावीक टप्पे लावता येतात. उदाहरणार्थ ९० चा टप्पा लावला तर चिन्ह ०, ९०, १८०, २७० एवढ्याच कोनांत थांबते. चौकोनी न्हाणीघराच्या उताराच्या बाणाला हे सोयीचे आहे. उत्तरेच्या बाणाला मात्र टप्पा लावू नये. १५ चा टप्पा लावला तर तुम्ही २२ टाकाल आणि बाण जवळच्या टप्प्यावर जाऊन बसेल. दुसरी, पॅरामीटर असलेले चिन्ह रोटेट कमांडने कधीही फिरवू नये. तसे केल्यास संपूर्ण ब्लॉक अक्षरासह फिरतो, आणि उत्तरकोनात आकडा मात्र जुनाच राहतो. आकडा एक सांगतो आणि बाण दुसरेच, ही स्थिती पॅरामीटर नसण्यापेक्षाही वाईट.

नकाशात एकाच ब्लॉकच्या अनेक प्रती असतील तर त्या सर्व एकत्र निवडून प्रॉपर्टीजमध्ये एकदाच आकडा बदलावा. एकेक बदलत बसल्यास एखादी राहून जाते.

पाठ दुसरा : रेव्हिटमध्ये टाईप आणि इन्स्टन्स

रेव्हिट २००० साली बाजारात आले आणि २००२ साली ऑटोडेस्क कंपनीने ते घेतले. यात रेषा नसून भिंत, दार, खिडकी अशा वस्तू असतात आणि प्रत्येक वस्तूची फॅमिली असते. पॅरामीटरचे येथे दोन प्रकार आहेत. टाईप पॅरामीटर बदलला की त्या प्रकारच्या सर्व वस्तू एकदम बदलतात. इन्स्टन्स पॅरामीटर बदलला की निवडलेली एकच वस्तू बदलते. चिन्हाचा आकार टाईपमध्ये ठेवावा, कारण तो सगळीकडे सारखा हवा. चिन्हाचा कोन इन्स्टन्समध्ये ठेवावा, कारण तो ठिकाणागणिक बदलतो.

हा भेद समजण्यासाठी अजिंठ्याचे उदाहरण फार उपयोगी आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगा आपल्याही जिल्ह्यातून जातात आणि लेणी आपल्या सीमेपलीकडेच आहेत. वाघोरा नदीच्या वळणावर घोड्याच्या नालेसारखा वळलेला कडा आहे आणि त्यात सुमारे ३० लेणी ओळीने कोरली आहेत. कडा वळत जातो, म्हणून प्रत्येक लेण्याचे दार वेगळ्या दिशेला तोंड करते. लेण्यांना दिलेले क्रमांक हे काळानुसार नसून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या जागेनुसार आहेत. ९, १०, १९ आणि २६ क्रमांकांची लेणी चैत्यगृहे आहेत, तर बहुतेक बाकीची लेणी भिक्खूंच्या निवासाचे विहार आहेत.

समजा आपल्याला या परिसराचा नकाशा करायचा आहे. तर चिन्हे फक्त दोन प्रकारची लागतील, एक चैत्यगृहाचे आणि एक विहाराचे. हे दोन टाईप. प्रत्येक लेण्याचा क्रमांक आणि दाराचा कोन हे दोन इन्स्टन्स पॅरामीटर. कोनाप्रमाणे चिन्ह फिरेल, पण क्रमांक फिरता कामा नये. फिरला तर ६ आणि ९ एकमेकांच्या जागी वाचले जातील, आणि विहाराचे चैत्यगृह होईल!

फॅमिलीत कोनाचा पॅरामीटर तयार करण्याची रीत अशी. वस्तूच्या फॅमिलीत दोन रेफरन्स प्लेन जेथे छेदतात तेथून एक रेफरन्स लाईन काढावी. तिचे सुरुवातीचे टोक अलाईन कमांडने दोन्ही प्लेनला जुळवून कुलूपबंद करावे. नंतर प्लेन आणि लाईन यांच्यामध्ये कोनाचे माप टाकून त्या मापाला इन्स्टन्स पॅरामीटरचे नाव द्यावे. फिरणारा भाग त्या रेफरन्स लाईनच्या पातळीवर बसवावा, म्हणजे लाईन फिरली की तो भागही फिरतो. आधी नुसती लाईन फिरवून पाहावी, मगच त्यावर वस्तू चढवावी. पुष्कळ विद्यार्थी सर्व काही काढून झाल्यावर तपासतात आणि मग चूक सापडत नाही.

कागदावरच्या सपाट चिन्हांच्या फॅमिलीत ही रीत अवघड जाते. तेथे सोपी युक्ती अशी की, चार किंवा आठ दिशांचे बाण एकाच फॅमिलीत काढून ठेवावेत आणि प्रत्येकाला दिसणे-न दिसणे याचा होय-नाही पॅरामीटर जोडावा. हवा तो बाण "होय", बाकीचे "नाही". उतार, प्रवेश, छेद यांसाठी हे पुरते. दार-खिडक्यांच्या टॅगच्या फॅमिलीत "रोटेट विथ कंपोनंट" नावाची खूण असते. ती लावली तर वस्तूबरोबर टॅगही फिरतो, काढली तर टॅग कागदाला सरळ राहतो. वाचणाऱ्याची सोय पाहून ठरवावे.

रेव्हिटमध्ये उत्तरही दोन आहेत. प्रोजेक्ट नॉर्थ म्हणजे कागदाची सोयीची वरची बाजू आणि ट्रू नॉर्थ म्हणजे खरी उत्तर. मॅनेज या टॅबमधून खरी उत्तर किती अंश फिरलेली आहे ते एकदा ठरवावे. मग ज्या दृश्यात जशी हवी तशी दिशा दृश्याच्या गुणधर्मात निवडता येते. हा बदल केल्यावर शीटवरील बाण डोळ्यांनी पुन्हा पाहावा.

पाठ तिसरा : विनामूल्य साधन

वरील कार्यक्रम महाग आहेत, मग गरिबाच्या मुलाने काय करावे, असा प्रश्न येईल. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर पात्र विद्यार्थ्यांना शिक्षणापुरती विनामूल्य मिळतात. पण शिक्षण संपल्यावर व्यवसायासाठी ती वापरता येत नाहीत. फ्रीकॅड मात्र सर्वांसाठी कायम मोफत आहे आणि त्यावर कमाईचे कामही करता येते. त्याची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली.

आपल्या विषयापुरते बोलायचे तर फ्रीकॅडमध्ये एक सुंदर सोय आहे. फाईलमध्येच स्प्रेडशीट ठेवता येते. तिच्या एका खान्यात कागदाच्या वरच्या बाजूचा दिगंश लिहून त्या खान्याला टोपणनाव द्यावे. हे नाव इंग्रजी अक्षरांत असावे. नंतर प्रत्येक चिन्हाच्या प्लेसमेंटमधील कोनाच्या जागी आकड्याऐवजी सूत्र लिहावे : खान्याचे टोपणनाव वजा त्या चिन्हाचा दिगंश. उत्तरेचा बाण, चार सूर्यचिन्हे, सर्वांचा कोन त्या एका खान्यातून निघतो. नकाशा फिरवावा लागला तर एकच आकडा बदलायचा. कोणतेही चिन्ह मागे राहत नाही.

तपासणी

तथागतांनी केसपुत्त येथील कालामांना सांगितले की केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही स्वीकारू नका. आरेखन करणाऱ्यानेही हा उपदेश टेबलासमोर ठेवावा. संगणकाने दाखवले म्हणून बरोबर, असे समजू नये.

पहिली तपासणी संगणकावर. चिन्हाला ०, ४५, ९०, १८०, २७० आणि ३६० हे कोन एकामागून एक देऊन पाहावेत. ० आणि १८० वर रेषा एकमेकींवर पडतात, तेथे कोनाचे माप हमखास गोंधळते.

दुसरी तपासणी जागेवर. होकायंत्र किंवा मोबाईल लोखंडी सळ्यांजवळ धरू नये, सुई चळते. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक आपल्या भागात एक अंशाहूनही कमी आहे, म्हणून साध्या बांधकामाला होकायंत्र पुरते. तेही नसेल तर सूर्य आहेच. सपाट जागेवर एक सरळ काठी ओळंब्याने उभी करा. तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढा. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जेथे स्पर्श करील तेथे एक खुंटी ठोका आणि दुपारनंतर जेथे स्पर्श करील तेथे दुसरी. सकाळची खुंटी पश्चिमेची, दुपारची पूर्वेची. दोन्ही जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम आणि तिच्यावरचा काटकोन दक्षिणोत्तर. याला एक दोरी, एक काठी, दोन खुंट्या आणि एक दिवस लागतो.

तिसरी तपासणी माणसांकडून. वस्तीतील कोणत्याही वयस्क बाईला विचारा की उन्हाळ्यात दुपारी ऊन कोणत्या भिंतीवर येते. तिचे उत्तर आणि नकाशातील सूर्यचिन्ह जुळले पाहिजे. आमची बैठक जागेवर झाली असती आणि एखाद्या आजीला हा प्रश्न विचारला असता तर माझी चूक त्याच संध्याकाळी उघडी पडली असती.

जाता जाता एक खुलासा. आपण दिशांचा एवढा विचार करतो तो शुभ-अशुभ म्हणून नव्हे. कोणतीही दिशा पवित्र नाही आणि कोणतीही अपवित्र नाही. एकेकाळी गावाची अमुक दिशा आपल्या वस्तीला नेमून दिली जात होती, हे आपण विसरलेलो नाही. आपला विचार ऊन, वारा, उजेड आणि पावसाच्या झडीचा आहे, आणि तो मोजता येतो.

स्वाध्याय

१. कागदाची वरची बाजू पूर्व आहे. उत्तरेच्या बाणाचा कोन किती? (उत्तर : ९०)

२. कागदाची वरची बाजू दक्षिण आहे. डिसेंबरच्या सूर्यास्ताचे चिन्ह किती अंशांवर येईल? (उत्तर : १८० − २४५ = −६५, म्हणजे २९५)

३. आपल्या विहाराचा आराखडा काढा. काठीच्या सावलीने खरी उत्तर काढून तिचा कोन पॅरामीटरमध्ये लिहा.

तिसरा स्वाध्याय सर्वांनी करावा आणि तयार झालेला नकाशा विहारात लावावा, अशी विनंती आहे. पुढे जेव्हा वाढीव बांधकाम निघेल तेव्हा तो नकाशा कमिटीच्या उपयोगी पडेल. त्या अभ्यासिकेच्या नकाशावरही मी नंतर बाण दुरुस्त करून, शेजारी कोनाचा आकडा लिहून, नवी प्रत दिली आहे. उत्तरेच्या आखूड भिंतीत दोन खिडक्या पाडण्याचे त्यात दाखवले आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!